काकूंनी गुरुजींचं नाव घेतलं

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार काकूंचे. अशा माणसाचं नाव पहिल्याच ओळीत घ्यावं, हे मला कळतं. पण ते घ्यायला आधी मला माहीत असायला हवं होतं. काकू कल्याणच्या त्या आळीत लग्न होऊन आल्या तेव्हापासून कोणाच्या सूनबाई, कोणाच्या वहिनी, कोणाच्या काकू आणि आमच्या गुरुजींच्या ‘अगं’ होत्या. गुरुजी त्यांना ‘अगं’ म्हणत, त्या गुरुजींना ‘अहो’ म्हणत, आणि एवढ्या दोन शब्दांवर दोघांचा चाळीसेक वर्षांचा संसार चालला होता. नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी काकूंची पक्की समजूत. उखाण्यात घेतलेलं चालतं. का चालतं, ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “यमकात असलं की देवाला राग येत नाही.”

मी खाडीकाठच्या गावचा. वडील मिठागरात राबायचे, आई डोक्यावरून मीठ वाहायची, आणि आमच्या घरात स्वतःचं नाव लिहिता येणारा मी पहिला. गुरुजी कल्याणच्या शाळेत आम्हाला गणित शिकवत. माझी गावाहून रोजची पायपीट पाहून त्यांनी मला आपल्या ओटीवर राहायची परवानगी दिली. परवानगी त्यांची, पण राहणं शक्य केलं काकूंनी. शेजारणी म्हणाल्या, “अहो, मिठागरातला पोर घरात घेता?” काकू म्हणाल्या, “बरंच आहे की. आमटी अळणी झाली तर तो सांगेल.”

एका वर्षी मिठाच्या हंगामात वडील मला न्यायला आले. हाताखाली पोर लागतंय, म्हणाले. काकू म्हणाल्या, “मीठ समुद्रात आहेच, कुठे पळून जातंय? हा मॅट्रिक होऊ दे, मग न्या.” वडिलांना वाद घालता येईना, कारण काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला होता. मॅट्रिक झाल्यावर ते पुन्हा आले. पुन्हा चहा. “इतका शिकलाय तर बी. ए. होऊ दे.” माझं सगळं उच्च शिक्षण असं दोन कप चहावर झालं.

मी बी. ए. झालो त्या सुमारास गुरुजींची विस्मरणशक्ती जोर धरू लागली होती. स्मरणशक्ती गेली असं लोक म्हणतात. मला ते बरोबर वाटत नाही. गुरुजी फार मेहनतीनं विसरत. निकाल लागला त्या संध्याकाळी मी पाया पडायला गेलो. गुरुजींचे डोळे भरून आले. “अगं, पोरगा बी. ए. झाला, साखर आण,” म्हणाले. साखर रेशनची, तरी काकूंनी चिमूटभर माझ्या हातावर ठेवली. जरा वेळ गेला. गुरुजींनी विचारलं, “काय रे, निकाल कधी लागणार तुझा?” मी सांगितलं. डोळे पुन्हा भरून आले. “अगं, साखर आण.” विद्यापीठानं मला एकदाच पास केलं, गुरुजींच्या हिशेबी त्या एका संध्याकाळी मी इतक्या वेळा पास झालो की शेवटी काकू रिकामी चिमूट माझ्या हातावर ठेवू लागल्या आणि मी रिकामी चिमूट तोंडात टाकू लागलो. आम्ही दोघंही हसत होतो. गुरुजींना वाटलं, आनंदानं हसतोय.

आज याला अल्झायमर म्हणतात. ज्या रोगात माणसाला घरच्यांची नावं आठवत नाहीत, त्याला इतकं अवघड नाव ठेवणाऱ्यानं रोग्यांचा विचार केलेला दिसत नाही. तेव्हा आमच्या आळीत एकच शब्द होता: म्हातारचळ. आणि त्यावर एकच उपाय होता: ठाण्याला पाठवा. वेड्यांचं इस्पितळ ठाण्याला, म्हणून आमच्याकडे ‘ठाण्याला नेलं’ म्हटलं की पुढे काही विचारायची सोय नसे. मला स्वतःला ठाण्याच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा आई गावात अभिमानानं सांगत सुटली, “माजा पोरगा ठाण्याला असतो.” बायका तिच्याकडे दयेनं पाहत.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गुरुजी एके दिवशी सकाळी कोट-टोपी घालून शाळेत गेले आणि एका भरलेल्या वर्गात शिकवू लागले. वर्गाला आधीच एक मास्तर होते. ते बिचारे कोपऱ्यात उभे राहिले. हेडमास्तरांनी गुरुजींना हाताला धरून घरी आणून सोडलं आणि काकूंना हळूच म्हणाले, “पोरांना अपूर्णांक समजले हो आज. पण उद्या पाठवू नका.”

इथवर गंमत होती. मग गुरुजी काकूंना विसरले.

झालं असं, की दुपारी जेवून उठल्यावर त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं, टोपी सरळ केली आणि विचारलं, “आपण कोणाकडे आलात, बाई?” काकूंना थट्टा वाटली. “तुमच्याकडेच,” म्हणाल्या. गुरुजी गोंधळले. “आमची मंडळी घरात नाहीत. आपण आत बसा, मी बाहेर बसतो.” आणि परक्या बाईसोबत घरात एकटं राहणं बरं दिसणार नाही म्हणून तो सभ्य माणूस ओट्यावर उन्हात जाऊन बसला. उन्हं उतरेपर्यंत तिथंच. काकूंनी पाणी नेऊन दिलं तर उभं राहून घेतलं.

मी शनिवारी गेलो तेव्हा काकूंनी हे मला हसत हसत सांगितलं. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं. मी म्हटलं, राहू दे असंच.”

पण त्यांचा एक हात पदराखाली होता. बराच वेळ तो बाहेर येईना, तेव्हा मी विचारलं. मनगट सुजून निळं झालं होतं. गुरुजींनी स्वतःचा चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवला होता, मग तो सापडेना, मग घरात शिरलेल्या या बाईनंच तो चोरला असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि त्यांनी काठी उचलली. गुरुजींनी वर्गातसुद्धा कधी कोणावर छडी उगारली नव्हती. “चष्मा सापडल्यावर माफी मागितली हो,” काकू म्हणाल्या. “मग कशाची माफी मागतोय ते विसरले. मग पुन्हा मागितली.” त्या फार वाळल्या होत्या. रात्री गुरुजी उठून दार उघडतात म्हणून त्या दाराला पाठ लावून झोपत. म्हणजे झोपत नव्हत्याच.

आणि एका संध्याकाळी काकू विहिरीवर असताना गुरुजी निघून गेले. कोट, टोपी, काठी, सगळं व्यवस्थित घेऊन. निरोप मिळून मी ठाण्याहून आलो. सकाळी कळलं, की शीळफाट्याजवळ एका बैलगाडीवाल्यानं त्यांना रस्त्याकडेला बसलेलं पाहिलं आणि चौकीवर पोचवलं. काकू आणि मी तिथे गेलो. गुरुजी बाकावर बसून जमादाराला काळ-काम-वेगाचं गणित घालत होते आणि जमादार डोकं खाजवत ते सोडवत होता.

“बाई, हे तुमचे कोण?” जमादारानं विचारलं.

“आमचे हे,” काकू म्हणाल्या.

“हे म्हणजे कोण?”

“हे म्हणजे हेच.”

“नाव काय यांचं? यांना विचारलं तर मलाच विचारतात, तू कितवीत.”

काकूंनी खाली पाहिलं.

“नवरा म्हणता आणि नाव माहीत नाही?”

“माहीत आहे. सांगता येत नाही.”

जमादार माझ्याकडे वळला. मी नाव सांगितलं. “तुम्ही मुलगा?” नाही, म्हटलं, मी यांच्या ओटीवर राहत होतो. जमादारानं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एकाला नाव माहीत नाही, एकीला सांगता येत नाही, आणि सांगतोय तो कोणीच नाही. घरी जायला दुपार झाली.

गुरुजींचा एकुलता मुलगा भुसावळला रेल्वेत होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. बातमी ऐकून तो आला. वाईट माणूस नव्हता, पण आठवड्याची रजा आणि आईचं सुजलेलं मनगट या दोन गोष्टी त्याच्यापुढे होत्या. भुसावळला दोघांना न्यावं तर दोन खोल्यांत पाच माणसं आणि बाहेर रुळांचं जाळं. त्यानं जाहीर केलं, “आई, अप्पांना आता ठाण्याला ठेवू.” मग माझ्याकडे पाहून, “तू तिथेच असतोस. चौकशी करून ठेव.”

मी निघालो तेव्हा काकू ओट्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. यांना घरी राहू दे, एवढं बघ.”

मी चौकशी केली ती माझ्या पद्धतीनं. इस्पितळातून निवृत्त झालेले एक डॉक्टर ठाण्याला स्टेशनाजवळ दवाखाना चालवत. सगळं आयुष्य वेड्यांमध्ये काढल्यामुळे ते शहाण्यांशी जरा तुसडेपणानं वागत. मी दादाला म्हटलं, ठेवायचंच आहे तर आधी यांना दाखवू. काकूंनी येताना डबा आणला, कारण ठाण्याला जेवायचं काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी गुरुजींना समोर बसवलं. “आजोबा, नाव काय तुमचं?”

गुरुजी विचारात पडले. आठवत नाही हे कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. “आपल्याला कोणतं नाव हवंय?” त्यांनी विचारलं.

“तुमचं.”

गुरुजींनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं आणि नजर काकूंवर थांबली. ओळखीनं नव्हे, वर्गात उत्तर न येणारा पोरगा शेजारच्याकडे पाहतो तसं. दादा सांगायला गेला, तर डॉक्टरांनी त्याला हातानं गप्प केलं. “बाई, तुम्ही सांगा.”

दादा कपाळाला हात लावून म्हणाला, “डॉक्टर, ती नाव घेत नाही त्यांचं.”

“मग मी कागदावर काय लिहू? ‘अहो’ लिहू?”

काकूंनी पदर सारखा केला. इथे गप्प राहिलं तर चौकीसारखं होईल, असं त्यांना वाटलं असावं, आणि या वेळी कोट-टोपीसह गुरुजींना परत नेता येणार नाही. त्या उभ्या राहिल्या. दवाखान्यात औषधांच्या वासात, माझ्या आणि मुलाच्या आणि कंपाउंडरच्या देखत, साठीच्या उंबऱ्यावरच्या त्या बाईनं उखाणा घेतला:

“ठाण्याच्या डॉक्टरांपुढे मांडली मी कैफियत,
…रावांचं नाव घेते, सांभाळा त्यांची तब्येत.”

कंपाउंडर हसला. डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं. आणि तेवढ्यात गुरुजी खुर्चीत ताठ बसले. चेहऱ्यावर एक चावट, पोरकट हसू आलं, जे मी त्यांच्या शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. पंगतीत आपली पाळी आल्यासारखा घसा खाकरून ते म्हणाले:

“पंगतीत वाढली जिलबी, भटजी म्हणतात आवर,
…ला घास देतो, तोंड उघड लवकर.”

काकूंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं. लग्नात अंगठीनं तांदळात लिहिलेलं ते नाव. त्यानंतर ते कोणी वापरलंच नव्हतं, त्यामुळे कोरं करकरीत राहिलं होतं. ते मी इथेही लिहीत नाही. ते गुरुजींनी घ्यायचं होतं आणि घेतलं.

दादानं काही म्हणायला तोंड उघडलं, पण गुरुजी काकूंकडे वळून अदबीनं बोलू लागले होते. “आमच्या मंडळींचं नाव हे. माहेरी गेल्यात. आपली भेट झाली असती तर आवडल्या असत्या आपल्याला.”

“भेट झाली असती तर बरं झालं असतं,” काकू म्हणाल्या, आणि खिडकीकडे पाहत बसल्या.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग दादाला जे सांगितलं, ते मला अजून पाठ आहे. “हे वेड नाही. वेडा माणूस नसलेलं पाहतो. हे असलेलं हरवतायत. मेंदूतली शाई संपली आहे, म्हणून नवं काही उमटत नाही. जुनं लिहिलेलं अजून वाचता येतं, तेही शेवटाकडून पुसलं जातंय. बायको आठवते, ती लग्नातली. ही म्हातारी कोण, ते त्यांना कसं कळणार? औषध माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. वेड्यांमध्ये ठेवलंत तर घराचा जो कोपरा अजून ओळखीचा आहे तोही जाईल. ते मुद्दाम करत नाहीत, हे घरातल्यांनी रोज स्वतःला सांगायचं. परीक्षा घ्यायची नाही, ‘मी कोण सांगा’ म्हणायचं नाही, चूक काढायची नाही. सदऱ्याला आतून नाव-पत्ता शिवा. काठी लपवा. आणि या बाईंना झोप मिळेल अशी कोणाची तरी पाळी लावा, नाहीतर आधी त्या जातील.”

“पण ते आईला ओळखतही नाहीत,” दादा म्हणाला.

“ओळखत नाहीत, पण मान देतात,” काकू म्हणाल्या. “ओळखत होते तेव्हा कुठे देत होते.”

गुरुजी मन लावून हसले. त्यांना विनोद कळला होता. कोणावर आहे, तेवढं कळलं नव्हतं.

दादा नमला, पण पूर्ण नाही. भुसावळला परत जाताना त्यानं बजावलं, “आणखी एकदा घरातून गेले, की मी कोणाचं ऐकणार नाही. पुढच्या वेळी बैलगाडीऐवजी लॉरी भेटेल.” त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच काकूंना त्याची धास्ती बसली.

महिना गेला नाही तोच काकूंचं कार्ड मला ठाण्याला आलं. गुरुजी कुठे जायला निघतात, ते आता कळलं होतं. रोज दिवेलागणीला ते कोट घालत आणि ‘मंडळींना आणायला जातो’ म्हणत. काकूंचं माहेर पनवेलच्या बाजूला; त्या दिवशी शीळफाट्याला गुरुजी अगदी बरोबर रस्त्यावर होते. फक्त ते माहेर केव्हाच ओस पडलं होतं. काकूंनी एकदा सांगून पाहिलं, की अहो, मीच ती. गुरुजी संतापले. परस्त्रीनं असलं बोलावं, याचा त्यांना धक्का बसला, आणि ते उलट लवकर निघाले. काकूंनी दाराला बाहेरून कडी घातली तर आतून इतके धक्के मारले, की आळी गोळा झाली. ‘काय करू ते सांग,’ असं काकूंनी लिहिलं होतं, ‘दादाला कळवू नकोस.’

मी दोन दिवस विचार केला. माझ्या बी. ए.च्या अभ्यासात या प्रश्नावर काही नव्हतं. पण गुरुजींना ओट्यावर उन्हात बसवणारी गोष्ट कोणती, ते मला माहीत होतं: रीत. मग मी उत्तर लिहिलं. गुरुजी त्यानंतर तीन पावसाळे जगले आणि आपल्या घरातच गेले. त्यांना ठाण्याला न्यायला दादाला पुन्हा रजा काढावी लागली नाही. काकूही गेल्यावर दादानं हे पत्र मला परत दिलं. ते असं:

तीर्थस्वरूप सौ. काकूंना साष्टांग नमस्कार.

पाकिटातून लिहितो आहे, कारण कार्ड तुमच्या आधी पोस्टमन वाचतो आणि मग आळी.

तुम्ही त्यांना खरं सांगू नका. मला खरं बोलायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून हे लिहिताना हात अडखळतो, पण डॉक्टर म्हणाले तेच खरं आहे. त्यांची बायको लहान आहे आणि माहेरी आहे. त्यांना आणायला जायचंय, यात त्यांचं काय चुकलं? फक्त जायचं त्यांनी नसतं. सासरहून सुनेला आणायला मुराळी जातो, नवरा स्वतः धावत सुटला तर लोक हसतात. हे गुरुजींना पटेल. आज दिवेलागणीला ते कोट घालतील तेव्हा अडवू नका, दाराला कडी लावू नका. नुसतं म्हणा, “मुराळी गेलाय आणायला. आपण निघालात आणि वाटेत चुकामूक झाली तर?” ओट्यावर पाट मांडून ठेवा. मला वाटतं, ते बसतील. उद्या विसरतील, तेव्हा उद्या पुन्हा सांगा. रोज तेच सांगायचं, एवढाच त्रास आहे. नवं काही सुचवायला नको.

कोण मुराळी, असं विचारलं तर माझं नाव सांगा. माझं तुम्हाला घेता येतं.

पहिल्या तारखेपासून मी इथली खोली सोडतो आहे. कल्याणहून कचेरीत येणं-जाणं करेन आणि रात्री तुमच्या दाराशी मी झोपेन. तुम्ही आत गादीवर झोपायचं. यावर वाद नको, चहा पुढे ठेवलात तरी ऐकणार नाही. आईला कळवलं आहे. ती म्हणाली, ठाण्याहून सुटलास ते बरं झालं.

मनगटाला हळद लावत जा. काठी माळ्यावर टाका, मी आल्यावर बघतो.

शनिवारी संध्याकाळी येतो. तुम्ही त्या वेळी जरा मागच्या दारी थांबा. मी ओट्यावर गुरुजींना सांगेन, की त्या निघाल्यात, पण गाडीचा बैल अडला म्हणून आज वस्तीला राहिल्या, आणि खुशाली कळवायला मला पुढे पाठवलं. मग ते माझ्याबरोबर आत येऊन जेवतील. पानं तीन मांडा. तुम्हीही बसा. पाहुणी म्हणून तुम्हाला आग्रह करून वाढतील.